अंगठाभर कोरी जागा

बाईंचा हात थांबला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मुकादम बोलत होता, मालकांचे वकील टेबलाला टेकून ऐकत होते, न्यायाधीश चष्म्याची काच पुसत होते, आणि बाईंच्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. असा कितीसा वेळ? एक घोट गिळायला लागतो तेवढा. मग हात पुन्हा चालू लागला, लघुलिपीच्या बारीक आकड्या-वेलांट्या एकापुढे एक पडत गेल्या, आणि पान उलटताना बाईंना दिसलं की दोन खुणांच्या मध्ये अंगठाभर जागा कोरी राहिली आहे. बावीस वर्षांत त्यांच्या वहीत अशी जागा राहिली नव्हती. आजूबाजूला कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. पंखा घरघरत होता. बाईंना एकदम त्या पंख्याचा राग आला, मग मुकादमाचा, मग त्या खोलीतल्या झाडून सगळ्या माणसांचा. किती बोलतात ही माणसं. एकाचं संपत नाही तोवर दुसरा सुरू.

कोर्टात त्यांना पाठीमागे ‘टेप’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वकिलांची हमरीतुमरी लागली की न्यायाधीश हात वर करून म्हणायचे, ‘थांबा, बाईंना विचारू,’ आणि बाई वही न उघडताच अर्ध्या तासापूर्वीचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या, मधल्या खोकल्यासकट. लोक हसायचे. ज्याचं वाक्य असायचं तो हसायचा नाही. बाईंना त्याचा चेहरा बघायला आवडायचं. ही विद्या त्या घरूनच शिकून आल्या होत्या. आईबाबांचं भांडण जुंपलं की आई त्यांना स्वयंपाकघरातून हाक मारायची, ‘सांग गं, काल काय म्हणाले तुझे बाबा?’ आणि सहा वर्षांची ती पोर मधोमध उभी राहून बाबांचं बोलणं बाबांच्याच आवाजात सांगायची. बाबांनी एकदा फाडकन कानाखाली मारली होती. मारतानाही ते, ‘खोटं बोलतेस,’ असं म्हणाले नव्हते. म्हणजे आठवण बरोबर होती. गाल दुखत होता, पण त्या दुखण्यात एक ऐट होती. धाकटी बहीण तेव्हा पलंगाखाली लपून बसायची. तिला कधी काही आठवायचं नाही.

दुपारी कोर्ट उठल्यावर बाई टंकलेखनाला बसल्या. खटला साधा होता. हॉटेलांच्या चादरी धुणारा कारखाना, तिथला इस्त्रीचा मोठा गरम रूळ, रुळापुढे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी. ती जाळी तुटलेली असताना तिथल्या एका कामगार मुलीचा उजवा हात रुळात गेला. जाळी तुटल्याचं मालकांना माहीत होतं की नव्हतं, एवढाच काय तो वाद. मुकादमाची बोलण्याची रीत एकसुरी, दळण दळल्यासारखी. ‘पहिल्यांदा जाळी तुटली तेव्हा मी मालकांना कळवलं होतं. दुसऱ्यांदा कळवलं नव्हतं, मीच तार बांधून भागवलं. तिसऱ्यांदा जाळी तुटल्याचं मी मालकांना कळवलं’ आणि इथे ती कोरी जागा. तिच्यापुढे, ‘आणि मग आठ दिवसांनी तिचा हात गेला.’ होतं की नव्हतं? बाईंनी डोळे मिटले. पूर्वी डोळे मिटले की आवाज आपोआप यायचा. आता पंख्याची घरघर आली, धाकटीनं सकाळी आपटलेलं कपाटाचं दार आलं, मुकादमाचे हलणारे ओठ आले, पण ओठांतून काही आलं नाही. आपल्या भाषेत हा एक दुष्टपणाच आहे, बाईंच्या मनात आलं, माणूस सगळं सांगून होईपर्यंत हो की नाही ते गुलदस्त्यात ठेवतो. वाक्याच्या शेपटाशी येईपर्यंत आजकाल त्यांचं लक्ष निसटलेलं असायचं.

हे आज सुरू झालं नव्हतं. अकरा महिने झाले होते. आधी शब्द हरवू लागले. भाजीवाल्यासमोर उभं राहून समोरच्या भाजीचं नाव आठवेना, तेव्हा त्या नुसतं बोट दाखवून ‘हे द्या’ म्हणाल्या आणि घरी येईपर्यंत त्या भाजीवाल्याचा द्वेष करत राहिल्या. मग वाचन गेलं. वर्तमानपत्रातली एकच ओळ तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा ती नवीनच वाटायची. दुकानात दोन साबण हातात घेऊन कुठला घ्यावा ते ठरेना, म्हणून दोन्ही ठेवून त्या परत आल्या आणि तीन दिवस कपडे धुण्याच्या पावडरीनं अंग घासलं. पहाटे चारलाच जाग यायची आणि छातीवर कुणी ओलं पोतं टाकल्यासारखं पडून राहावं लागायचं. रडू येत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर ‘दुःख कसलं? काही झालेलंच नाही,’ असंच त्या म्हणाल्या असत्या. खरंच काही झालं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं. कारण असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

धाकटीनं याचा आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. ती शाळेत शिकवायची आणि दोघी बहिणी तीन खोल्यांत एकत्र राहायच्या. दोघींनी लग्न केलं नव्हतं. दोनदा दूध उतू जाऊन भांडं जळलं आणि एकदा गॅस नुसताच चालू राहिला, तेव्हा धाकटीनं वहीचे कागद कापून लाल शाईत चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरभर डकवल्या. ‘गॅस बंद.’ ‘नळ बघ.’ ‘किल्ली घेतलीस?’ अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं, गोल, शहाणं. बाई येता-जाता ते अक्षर बघायच्या आणि दात आवळायच्या. एकदा त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या. संध्याकाळी धाकटीनं नव्या लावल्या आणि आरशावर एक जादा लावली, ‘केस विंचर.’

‘मी काय तुझ्या वर्गात आहे का गं?’ बाईंनी विचारलं होतं.

‘माझ्या वर्गातली मुलं एकदा सांगितलं की ऐकतात, ताई.’

‘मला बरं वाटत नाही.’

‘ताप आहे? नाही. दुखतंय काही? नाही. मग बरं वाटत नाही म्हणजे काय वाटत नाही? लक्ष नसतं तुझं. लक्ष द्यायचं ठरवलं की देता येतं.’

बाईंनी ठरवूनही पाहिलं होतं. ठरवायचं म्हणजे ज्या हातानं उचलायचं तोच हात आधी उचलायचा. ते धाकटीला सांगायला जे शब्द लागले असते तेही आयत्या वेळी मिळाले नाहीत. त्यांनी फक्त आरशावरची चिठ्ठी काढली, चुरगाळली आणि बहिणीच्या चहात टाकली.

आता त्या यंत्रासमोर बसल्या होत्या आणि शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कचेरीचा मुख्य, दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होता. ‘काय बाई, टेप अडकली की काय आज? आम्हाला घरदार आहे म्हटलं.’ मुकादम बाहेर बाकावर सहीसाठी खोळंबला होता. बाहेर जाऊन त्याला विचारता आलं असतं, ‘तिसऱ्यांदा काय म्हणालात?’ एवढं सोपं होतं. पण त्यासाठी बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी ‘मला आठवत नाही’ म्हणायला लागलं असतं, आणि तेही किल्ल्या वाजवणाऱ्या या माणसाच्या देखत. बाईंनी मागची ओळ पाहिली. दुसऱ्यांदा कळवलं नव्हतं. मग तिसऱ्यांदा तरी कशाला कळवेल? चेहरा तर आळशीच होता त्याचा. त्यांनी ‘नव्हतं’ असं टंकलं आणि कागद ओढून काढला. मुकादमानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. ‘चष्मा विसरलो,’ तो ओशाळून म्हणाला. ‘वाचून दाखवता का?’ वाचून दाखवायचं म्हणजे त्या शब्दापाशी पोचायचं. ‘उशीर झालाय,’ त्या म्हणाल्या, ‘उद्या येऊन वाचा नाहीतर.’ मुकादम हसला. ‘उद्या कशाला? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. सगळे म्हणतात.’ आणि त्यानं सही केली, नावाखाली दोन ठिपके देऊन, नीट, जपून.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. त्या पंधरा दिवसांत बाई तो शब्द विसरल्या नाहीत, हे विशेष. बाकी सगळं गळत होतं. छत्री बँकेत राहिली, शेजारणीचं नाव गेलं, एकदा तर घराचा मजला चुकून त्या भलत्याच दारात किल्ली फिरवत बसल्या आणि आतल्या म्हाताऱ्यानं दार उघडून त्यांना वेड्यात काढलं. पण ‘नव्हतं’ जागेवर होतं, दातात अडकलेल्या सालीसारखं. त्यावर त्या चिडत. आपली चूक झाली असेल असं त्यांना क्वचितच वाटे. त्यांना वाटे, त्या माणसानं स्पष्ट बोलायला काय झालं होतं? चष्मा कोण विसरतं कोर्टात येताना? कचेरीत कुणी दोन वाक्यं सलग बोललं की त्या तोडून टाकत, ‘थोडक्यात सांगा.’ नव्या कारकून बाईनं त्यांना जेवणाच्या सुट्टीत सोबत बोलावलं, तर ‘मला सोबत लागत नाही’ म्हणून त्यांनी डबा टेबलावरच उघडला आणि न खाता बंद केला. सगळे आपल्यावर टपून बसले आहेत, एक दिवस सापडू आपण, असं त्यांना दिवसभर वाटत राही, आणि संध्याकाळी कुणालाच आपलं काही पडलेलं नाही, असंही वाटे. दोन्हीचा राग सारखाच येई.

तारखेला मालकांच्या वकिलांनी मुकादमाला पुन्हा उभं केलं. या वेळी त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. मागच्या बाकावर ती मुलगी बसली होती, उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिनेनं टाचलेली. वकिलांनी जबानीचा कागद उचलला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, ‘म्हणजे तिसऱ्यांदा जाळी तुटली ते तुम्ही मालकांना सांगितलंच नाही. चूक तुमची.’

‘सांगितलं होतं,’ मुकादम म्हणाला.

‘जबानीत काय आहे वाचा.’

त्यानं वाचलं. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. ‘मी असं बोललो नव्हतो. मी म्हणालो, कळवलं होतं. त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं होतं.’

‘खाली सही कुणाची आहे?’

‘माझीच.’

‘मग त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलताय?’ वकील न्यायाधीशांकडे वळले. ‘साक्षीदार फितूर झालाय, साहेब. मुलीच्या बाजूनं फिरवलाय त्याला.’

मुलीचा वकील उठला, बसला. त्यालाही त्या दिवशीचं नक्की आठवत नव्हतं. तो तेव्हा कागद चाळत होता. मुकादम सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, ‘मी कशाला फिरेन? कुणीतरी ऐकलं असेल ना? एवढी माणसं होती.’ न्यायाधीशांनी कंटाळून चष्मा काढला. ‘हे बघा, आमच्या बाई आजवर चुकलेल्या नाहीत. त्यांनी “नव्हतं” लिहिलंय म्हणजे तुम्ही “नव्हतं” म्हणालात. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल काय होतं माहीत आहे ना?’ मग सवयीनं त्यांनी हात वर केला. ‘बाई, मूळ वहीतून ते उत्तर वाचा, म्हणजे मिटेल.’

बाईंनी वही उघडली. पान लगेच सापडलं. इतक्या वेळा बघून ते तिथेच उघडायला लागलं होतं. कोरी जागा तशीच होती. नुसतं ‘नव्हतं’ म्हटलं की झालं. लघुलिपी तिथे दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मुकादमाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे आशेनं बघत होता. अजूनही. ‘सगळे म्हणतात,’ असं जो म्हणाला होता तोच तो चेहरा. त्या आशेचा बाईंना भयंकर संताप आला. मूर्ख माणसा, मीच तुला पिंजऱ्यात उभं केलंय आणि तू माझ्याच तोंडाकडे बघतोस! त्याचा गळा धरावा असं वाटत असतानाच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

‘इथे काही नाही.’

‘काय नाही?’

‘वहीत. शेवटचा शब्द नाही. माझा हात थांबला होता. पुढे मी अंदाजानं लिहिलं.’

पंखा घरघरत राहिला. न्यायाधीशांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ‘अंदाजानं? आणि हे तुम्ही आज सांगताय?’

‘मला आजकाल ऐकलेलं राहत नाही,’ बाई म्हणाल्या. एवढं वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागला, मध्ये एक शब्द शोधावा लागला, आणि कुणीतरी मागे फिसकन हसलं. ‘वर्ष होत आलं. वाचलेलं राहत नाही. बोलायला शब्द सापडत नाहीत.’

मालकांचे वकील झटक्यात पुढे आले. त्यांचा गोडवा गेला होता. ‘साहेब, या बाई स्वतःच सांगतायत की यांचं डोकं ठिकाणावर नाही. मग आज या जे बोलतायत, त्यावर तरी विश्वास का ठेवायचा?’

प्रश्न बरोबर होता. पूर्वीच्या बाईंना तो आवडला असता. ‘ठेवू नका,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्यावर ठेवू नका. वही बघा. लिपी कळायची गरज नाही. कोरं कुणालाही कळतं.’ आणि त्यांनी ती वही, जी त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती, न्यायाधीशांच्या टेबलावर उघडी ठेवली.

त्या दिवसापासून त्यांना कोर्टातून उठवलं. चौकशी लागली, शिरस्तेदारानं त्यांच्या कपाटाची किल्ली सगळ्यांसमोर मागून घेतली. वऱ्हांड्यात मुकादम भेटला. बाईंनी माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोच आधी बोलला. ‘मालकांनी जबानीची नक्कल कारखान्यात फिरवली, बाई. पंधरा दिवस लोक माझ्याकडे बघून थुंकतायत. नव्हतं कळवलं, म्हणून. त्या मुलीची आई माझ्या दारात येऊन शिव्या देऊन गेली. माझी बायकोसुद्धा म्हणाली, कागदावर आहे म्हणजे असेल.’

‘माझं चुकलं,’ बाई म्हणाल्या.

‘चुकलं ते समजू शकतो. पण तुम्हाला माहीत होतं,’ तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या पाठीवरून दिसत होतं की हा माणूस कधी माफ करणार नाही.

घरी धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. ‘सांगितलंस कशाला पण? कुणाला कळणार होतं?’

‘त्याला माहीत होतं.’

‘कोण तो? कुठला मुकादम! आता तुला वेडी म्हणतील, मला वेडीची बहीण म्हणतील. चिठ्ठ्या लावल्या तर राग आला तुला, आणि भर कोर्टात मात्र—’

‘चिठ्ठ्यांनी होत नाही गं ते!’ बाई ओरडल्या. इतक्या मोठ्यानं की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. ‘मी आळशी नाही. मला येत नाही. जे डोळे मिटून यायचं ते येत नाही. तुला काय, तुला कधीच काही आठवायचं नाही!’ धाकटी पांढरीफटक पडली. ‘आठवायचं,’ ती हळूच म्हणाली. ‘पलंगाखालून सगळं ऐकू यायचं. मी फक्त सांगायची नाही.’ त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकटीनं शाळेतून रजा काढली आणि न विचारता डॉक्टरांकडे नंबर लावून आली.

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. बाईंना दोन आले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. ब्याऐंशी की शहाऐंशी, तिथेच गाडं रुतलं. ‘उदास वाटतं का?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘नाही. राग येतो,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचाही येतोय आत्ता.’ डॉक्टरांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं की हे नैराश्यच आहे, प्रत्येकाला रडू येतंच असं नाही, आणि लक्ष, आठवण, शब्द हे त्यात असेच जातात. पुष्कळसं परत येतं. सगळं येईल की नाही ते आज सांगता येणार नाही. धाकटी खाली मान घालून पदराचा काठ चोळत होती. बाईंना वाटलं होतं की आजाराचं नाव कळलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मात्र घरी आल्यावर त्यांनी पहिली गोळी घेतली, आणि घेतली की नाही ते विसरू नये म्हणून धाकटीकडे स्वतःच एक कागद मागितला.

तीन महिन्यांनी मुकादमाची जबानी नव्यानं झाली. बाईंना वहीबद्दल साक्ष द्यायला बोलावलं होतं. त्यांच्या जागी बसलेला तरुण लघुलेखक त्यांचं एकेक वाक्य उतरवत होता आणि त्या मध्येच थांबल्या की पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत होता. मुकादमानं सांगितलं, कळवलं होतं, आणि मालकांच्या खोलीबाहेर तेव्हा बसलेल्या पहारेकऱ्यानंही तेच सांगितलं. मालकांच्या वकिलांनी उलटतपासणीत बाईंना दहा मिनिटं सोलून काढलं. गोळ्यांची नावं विचारली, बाईंना एकच सांगता आलं. निकाल अजून व्हायचा होता.

बाहेर येऊन त्या वऱ्हांड्यातल्या बाकावर बसल्या. डोकं ठणकत होतं. मुकादम समोरून गेला, त्यानं पाहिलं नाही. पलीकडच्या टोकाला ती मुलगी बसली होती, पिनेनं टाचलेली बाही मांडीवर ठेवून. बाईंना उठून जावंसं वाटलं. ही आता काय ऐकवणार आहे ते ऐकून घ्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मुलगी त्यांच्याकडे न बघताच बोलली. आवाज कोरडा होता, त्यात ओलावा शोधून सापडला नसता.

‘ते यंत्र एका हातानं चालवता येतं का? टाइपचं.’

‘येतं,’ बाई म्हणाल्या. ‘वेळ लागतो.’

‘शिकायला किती लागतो?’

बाईंनी हिशेब करायला सुरुवात केली. दोन हातांनी सहा महिने, म्हणजे एका हातानं, डाव्या हातानं, आणि मग आकडा सुटला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा सुटला. आता ही तोंड फिरवेल, उसासा टाकेल, ‘राहू दे’ म्हणेल, सगळे म्हणतात. वऱ्हांड्यातून माणसं जात-येत होती, आत कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. मुलगी तशीच बसून होती. तिनं डाव्या हातानं बाही जरा सरळ केली.

‘सांगते,’ बाई म्हणाल्या. ‘थांब जरा.’

‘थांबते,’ मुलगी म्हणाली आणि थांबली.